राजवाड्यावर नाचायला दरवेळी वर्ल्ड कपच जिंकायला हवा का?

रामबागकरीण:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते, मतं द्या, विरोधातली असतील तर जरूर द्या.

२९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो त्या रात्री सगळं इंदूर राजवाड्यावर उतरलं होतं, पुढे मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीला परत तेच. कोण कुठला, काय करतो, कोणी विचारलं नाही, ढोल वाजला की माणूस हलायला लागला. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, तेच, अनंत चतुर्दशीला तेच, आणि लग्नसराईत तर कुठल्या ना कुठल्या चौराह्यावर बारात अडकलेली असतेच. म्हणजे या शहराला रस्त्यावर नाचता येत नाही असं अजिबात नाहीये, भरपूर येतं. पण कारण लागतं. कारण असलं की आजोबा सुद्धा रुमाल फिरवत नाचतात, आणि कारण नसताना त्यांच्याच नातीने छप्पन दुकानाच्या, त्या खाऊगल्लीच्या, फरशीवर दोन गिरक्या घेतल्या तर घरचेच तिला दंडाला धरून बाजूला ओढतात, लोक बघतायत ना.

मला हे खटकतं. विनाकारण नाचणारा माणूस आपल्याला एकतर प्यायलेला वाटतो नाहीतर रील काढणारा, तिसरी शक्यता सुचतच नाही आपल्याला.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. रात्री साडेनवाच्या सुमारास बारात पोचवून परतणारी एक बँडपार्टी मल्हारगंजच्या बाजूला चहाला थांबली होती. त्यातल्या क्लॅरिनेटवाल्या काकांनी नुसतं स्वतःच्या मजेसाठी एक जुनी चाल धरली, कोणाची फर्माईश नाही, नोटा ओवाळणारं कोणी नाही. ढोलवाल्याने बोटांनीच साथ दिली. समोर झाडू मारत असलेल्या निगमच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या, दोन बायका, झाडू भिंतीला टेकवून त्या सरळ नाचायला लागल्या. चहावाला आला, एक कॉलेजची मुलगी स्कूटी स्टँडवर लावून आली, मी पण गेले. एक गाणं झालं, फार तर दीड. मग बँडवाले टेम्पोत चढले आणि बायकांनी झाडू उचलला. स्पीकर नव्हता, रस्ता अडला नव्हता, एका बाजूने गाड्या जात होत्या. २०१७ पासून स्वच्छतेत आपण पहिले म्हणून सगळे मिरवतो, मी पण मिरवते, पण ज्या बायकांच्या जिवावर मिरवतो त्यांच्याशी मी कधी बोललेच नव्हते, आता दिसल्या की थांबून बोलणं होतं. हे कुठल्या कार्यक्रमातून झालं असतं का?

तर माझं म्हणणं एवढंच की शहराने नाचासाठी महोत्सव भरवू नयेत, जागा मोकळी ठेवावी, आणि आपण अचानक नाचणाऱ्या माणसाकडे संशयाने बघणं सोडावं. बोला.

नाइटड्यूटी:
ताई, वाचायला छान वाटलं पण मी दुसऱ्या बाजूला उभी असते. स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव नको. मॅचच्या रात्री राजवाड्याकडचे रस्ते जाम होणार हे आम्हाला आधीच माहीत असतं, कॅज्युअल्टीत आम्ही एकमेकींना सांगून ठेवतो की जिंकलो तर आज पेशंट उशिरा पोचणार. चॅम्पियन्स ट्रॉफीच्या रात्री छातीत दुखणारे एक काका आले, त्यांच्या मुलाने गाडी गर्दीत तशीच सोडून त्यांना कुणा अनोळखी पोराच्या स्कूटरवर मध्ये बसवून गल्लीबोळातून आणलं होतं. वाचले. पण हार्ट अटॅकमध्ये एकेका मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो हो, तिथे रस्त्यात अर्धा तास गेला तर औषध काय करणार.

नाचणाऱ्याला आनंद मिळतो हे खरं, पण त्याची किंमत जो तिथे नाहीच आहे तो देतो. आणि आम्ही रात्रपाळी करून दुपारी झोपणारी माणसं, आमच्यासाठी लग्नाचे मुहूर्त म्हणजे डोकं उशीखाली दाबून पडायचे दिवस. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे. नाचायला मैदानं आहेत, मॅरेज गार्डनं आहेत, तिकडे जा ना.

स्नेहनगरकर:
सिस्टरशी पूर्ण सहमत. नियमच बघा ना, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत दिवसा ५० आणि रात्री ४०, लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. शिवाय मध्य प्रदेशात १९८५ पासून वेगळा कोलाहल नियंत्रण कायदा आहे, परीक्षांच्या काळात कलेक्टर त्याखाली आदेश काढतात. मी निवृत्त माणूस, दोनदा तक्रार केली आहे, बारात आमच्या गेटसमोर थांबली की खिडकीच्या काचा वाजतात आणि हिच्या कानातलं मशीन काढून ठेवावं लागतं.

दुसरं म्हणजे, सार्वजनिक जागी वागण्याची एक रीत असते. मी हे नाचाच्या विरोधात म्हणत नाहीये, चांगला नाच मी हॉलमध्ये बसून मनापासून बघतो. पण जिथे तिथे मनात आलं म्हणून अंग हलवायचं यात मला स्वातंत्र्य दिसत नाही, समोरच्याचा विचार न करणं दिसतं. सप्टेंबर २०२१ मध्ये रसोमा चौराह्यावर लाल सिग्नल लागल्याबरोबर एक मुलगी झेब्रा क्रॉसिंगवर येऊन नाचली होती, आठवत असेल. पोलिसांची नोटीस गेली ते योग्यच झालं. उद्या दहा जणी उतरतील, मग सिग्नल कशासाठी आहे?

रामबागकरीण:
काका, रसोमाचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्याच शहरात हायकोर्ट चौराह्यावर ट्रॅफिकचा हवालदार मूनवॉक करत गाड्या थांबवायचा, लोक मुद्दाम त्या रस्त्याने जायचे, देशभर बातम्या झाल्या. तो ड्युटीवर होता आणि त्याच्या नाचाने ट्रॅफिक सुटत होतं, हा फरक मला मान्य आहे. पण त्या मुलीच्या व्हिडिओखालच्या कमेंटा मी वाचल्या होत्या. सिग्नलबद्दल किती जण बोलत होते? बहुतेकांचं चाललं होतं ते तिच्या कपड्यांबद्दल आणि तिच्या आईबापांबद्दल. नोटीस ट्रॅफिकसाठी असेल, राग ट्रॅफिकसाठी नव्हता.

आणि तुमची खिडकीची काच जी वाजते ती डीजेने वाजते, नाचाने नाही. ट्रकवर बारा डबे लावून कोणाचं तरी लग्न सगळ्या मोहल्ल्याच्या छातीवर आदळायचं, याच्या मी तुमच्याइतकीच विरोधात आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन भांडतोय असं मला वाटतं. सिस्टर, तुमच्या त्या काकांचं वाचून पोटात गोळा आला, त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाहीये, विचार करून लिहिते.

भंवरकुआं_रूम_नंबर_काही_नाही:
मी बुऱ्हाणपूरचा, इथे पीएससीची तयारी करतोय, आणि ताई तुम्ही पण 'रील काढणारा' असं लिहिलंत तेव्हा थोडं लागलं. आमची रूम किती असते माहितीये का, दोन पलंग, दोन टेबल आणि मध्ये पाय ठेवायची जागा, खाली मालकीणबाई राहतात, जरा पाय आपटला की छताला काठी लावतात. दिवसभर खुर्चीत बसून डोकं बधिर होतं. मी आणि रूममेट संध्याकाळी गार्डनमध्ये एका कोपऱ्यात मोबाईलवर गाणं लावून नाचतो, आवाज मोबाईलचा असतो तेवढाच, तरी वॉचमन येऊन हाकलतो, म्हणतो इथे फॅमिली येतात. आम्ही कोणाची फॅमिली नाही का? मोबाईल समोर उभा केला की लोक निदान म्हणतात बरं रील करतायत, कॅमेरा नसेल तर वेडे समजतात. म्हणून आम्ही कधी कधी रेकॉर्डिंग चालू न करताच मोबाईल समोर ठेवतो.

स्नेहनगरकर काका हॉल म्हणाले, सिस्टर मैदान आणि मॅरेज गार्डन म्हणाल्या, त्यातलं आम्हाला फुकट काय आहे ते सांगा.

मिलवाल्याचा_नातू:
सगळ्यांनी वाचा म्हणून थोडं लांब लिहितो. माझे आजोबा हुकमचंद मिलमध्ये साच्यावर होते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, मिरवणुकीतल्या देखाव्यांना, शंभर वर्षं होऊन गेली आणि त्या सुरू केल्या मिलच्या मजुरांनी, हुकमचंद, राजकुमार, मालवा, कल्याण, स्वदेशी. वर्गणी काढायची, पाळी संपली की रात्र रात्र जागून झांकी बांधायची, विजेचे हलणारे देखावे करायचे, पुढे आखाडे, लाठी पट्टा, आणि मध्ये नाच. रात्रभर. खेड्यापाड्यातून लोक बिछाने घेऊन यायचे, ओट्यावर जागा धरून बसायचे. आजोबा सांगायचे की वर्षभर जॉबर, म्हणजे मुकादम, ज्यांच्यावर ओरडायचा तीच माणसं त्या रात्री रस्त्याच्या मधून नाचत जायची आणि जॉबर कडेला उभा राहून बघायचा.

मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. पगाराचे, ग्रॅच्युइटीचे पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, ३२ वर्षं, तोवर कितीतरी जण गेले होते, माझे आजोबा पण. आणि तरी मधल्या सगळ्या वर्षांत झांकी निघायची. पगार नाही, मिल नाही, पण चौदसीला झांकी आहे आणि माणसं पुढे नाचतायत. आता मला कोणी सांगावं की रस्ता फक्त जाण्यायेण्यासाठी असतो. आमच्या लोकांकडे मॅरेज गार्डन कधीच नव्हतं हो, रस्ता होता.

हां, एक मात्र ताईंच्या विरोधात. विनाकारण नाचणं वगैरे मला पटत नाही. कारण असलं म्हणजेच नाचाला जोर येतो. आजोबा एरवी कधी पायाचा ठेका सुद्धा धरायचे नाहीत, ते वर्षभर साठवून ठेवायचे.

रामबागकरीण:
दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. साठवून ठेवायचे हे कळलं. पण आजोबांना एकच रात्र मिळाली म्हणून त्यांनी साठवलं, की त्यांना तसंच हवं होतं? रोजच्या रस्त्यावर मजुराने नाचावं हे कोणी चालवून घेतलं असतं का तेव्हा?

मिलवाल्याचा_नातू:
नसतं घेतलं. तरी माझं मत तेच आहे.

रंगपंचमीला_घरी:
एवढा वेळ वाचत होते, कोणी हा विषय काढेल म्हणून थांबले, कोणी काढत नाहीये म्हणून मीच काढते. राजवाडा, गेर, मॅच, झांकी, सगळ्या गोष्टींमध्ये 'सगळे नाचत होते' असं लिहिलंय. सगळे म्हणजे कोण? मी गेरीत एकदाच गेले, कॉलेजला असताना, रंगाच्या नावाखाली जे हात फिरले त्यानंतर घरी येऊन तासभर अंघोळ करत होते, रंग काढायला नाही. तेव्हापासून दर रंगपंचमीला घरी. २०२५ च्या गेरीत टँकरखाली येऊन एका माणसाचा जीव पण गेला, दुसऱ्या वर्षी परत तसंच, 'परंपरा आहे'.

आणि गर्दीचंच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कप चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलवरून पायी कॅफेला निघाल्या होत्या, दिवसाढवळ्या, इंदूरमध्ये, त्यांचा पाठलाग झाला आणि एकीला त्या माणसाने हात लावला. पायी चालणाऱ्या बाईला हे शहर धड चालू देत नाही तिथे नाचण्याच्या गप्पा काय मारायच्या. ताई तुमचा फेब्रुवारीचा अनुभव खरा असेल, छानच आहे, पण तिथे दोन बायका आधीपासून होत्या म्हणून तुम्ही गेलात. त्यांच्या जागी चार पोरं नाचत असती तर तुम्ही स्कूटी वळवली असती, मी तर नक्की वळवली असती.

रामबागकरीण:
वळवली असती. खरं आहे.

आणि म्हणूनच मला वाटतं की आपण घरी राहून हा रस्ता परत मिळणार नाही. हे तुला जा म्हणून सांगत नाहीये, तुझ्यासोबत जे झालं त्यानंतर जावंसं न वाटणं याच्यात कोणी काही बोलूच नये. पण जिथे आधीच चारपाच बायका आहेत तिथे सहावी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तू पण तेच लिहिलंस. मला ती पहिली बाई कशी उभी राहील याची काळजी आहे.

माळव्याची_सून:
मी नागपूरची, लग्न होऊन देपालपूरजवळच्या घरात आले, आता इंदूरला. आपल्याकडे मंगळागौर असते, झिम्मा फुगडी सगळं असतं पण घराच्या आत, दार लोटून. इकडे आले तर पहिल्याच लग्नात बघितलं, ढोलवाल्याने मटकी, म्हणजे इकडच्या बायकांच्या नाचाचा ठेका, वाजवायला घेतली आणि माझ्या सासूबाई, ज्या चारचौघांत मोठ्याने बोलत सुद्धा नाहीत, त्या घुंघट घेऊन गल्लीच्या मधोमध एकट्या नाचायला लागल्या. एकट्या. मटकीत असंच असतं, एक बाई सुरू करते, बाकीच्या बघतात, मग एकेक जण आत येते. अंग फार उसळत नाही, पावलं आणि हात आणि मान, पण वीस मिनिटं. आणि पुरुष मंडळी चक्क मागे सरकून उभी होती, एकाही पुरुषाने मध्ये यायचा प्रयत्न केला नाही, कोणी सांगितलं पण नव्हतं.

इंदूरला आल्यावर त्याच घरातल्या लग्नात डीजे आला आणि सासूबाई खुर्चीवर बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या की यात मला पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही. त्यामुळे वरच्या ताई म्हणतात ते मला पटतं की रस्ता बायकांसाठी धोक्याचा आहे, पण तो कायमच असा होता असं नाही, कुठल्या नाचात कोण मागे सरकायचं हे ठरलेलं होतं, ते गेलं आणि त्याच्या जागी नुसती गर्दी आली.

रंगपंचमीला_घरी:
घुंघट घेऊन नाचल्या ना? तोंड झाकून. ते पण बघा जरा.

माळव्याची_सून:
हो, घुंघट घेऊन. ते मला पण आवडत नाही. पण वीस मिनिटं गल्ली त्यांची होती हे पण खोटं नाही.

बायोलॉजीवाला:
एक माहिती टाकतो, मग तुमचं चालू द्या. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटात नाचायला लावलं होतं, अभ्यास २०१५ ला छापून आला. नाचाच्या आधी आणि नंतर त्यांची वेदना सहन करण्याची ताकद मोजली, ती शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं द्रव्य, किती वाढलं याचा अंदाज घ्यायला वापरतात. जोरात हालचाल केली की ताकद वाढली, आणि सगळ्यांनी एका तालात हालचाल केली की वेगळी वाढली, म्हणजे दोन्हीचा आपापला परिणाम होता. आणि सोबत नाचलेल्यांबद्दल जवळीक वाटू लागली. त्यामुळे रामबागच्या ताईंना निगमच्या बायका ओळखीच्या वाटू लागल्या यात भावुकपणा काही नाही, शरीर तसंच चालतं.

पुढच्या वर्षी त्याच टीमने हेच हेडफोन लावून केलं, प्रत्येकाच्या कानात गाणं, बाहेर शांतता. एका तालात नाचणाऱ्यांमध्ये तरी पण तोच परिणाम दिसला.

नाइटड्यूटी:
हेडफोन लावून होतं ना, मग झालं, मला दुसरं काही म्हणायचंच नाही. हा मुद्दा फ्रेम करून सगळ्या डीजेवाल्यांना वाटा.

परत_इंदूर:
हेडफोनवरून आठवलं. कामानिमित्त काही वर्षं चीनमध्ये होतो, तिकडे संध्याकाळी चौकाचौकात पन्नास-साठीच्या बायका ओळीने नाचतात, हे सगळ्या देशात चालतं, स्पीकर मध्ये ठेवलेला असतो. सुरुवातीला मला फार भारी वाटलं, मग माझ्याच बिल्डिंगखाली सुरू झाल्यावर काकांसारखी माझी पण चिडचिड व्हायला लागली. तिथे पण हीच भांडणं, वरून पाणी फेकण्यापर्यंत. शेवटी जून २०२२ पासून लागू झालेल्या त्यांच्या नव्या ध्वनी कायद्यात सार्वजनिक जागी असं नाचगाणं करणाऱ्यांनी जागा, वेळ आणि आवाजाचे नियम पाळायचे असं आलं. सांगायचं काय, तर बायका नाचायच्या थांबल्या नाहीत. नाच बंद करा असं न म्हणता आवाज कमी करा असं म्हणता येतं. आपल्याकडे मात्र उलटं आहे, डीजेला कोणी हात लावत नाही आणि गार्डनमधल्या त्या बुऱ्हाणपूरच्या पोराला वॉचमन हाकलतो.

स्नेहनगरकर:
शेवटच्या वाक्याशी सहमत आहे, त्या मुलाला हाकलणं चूक आहे. मोबाईलच्या आवाजाने कोणाचं काही बिघडत नाही. पण तरीही मी म्हणेन की गार्डनच बरोबर, रस्ता नाही. आणि 'अचानक' या गोष्टीचं तुम्हा सगळ्यांना एवढं कौतुक का आहे ते मला कळत नाही. २०११ मध्ये मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर दोनशेएक जण एकदम नाचले होते, सगळ्यांना वाटलं काय उत्स्फूर्त आहे, पण त्याच्यामागे तालीम होती, परवानगी होती. म्हणून तर ते नीट पार पडलं, कोणाची लोकल चुकली नाही की चेंगराचेंगरी झाली नाही. जे चांगलं होतं ते ठरवून होतं, माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

भंवरकुआं_रूम_नंबर_काही_नाही:
काका थँक्यू. पण सीएसटीवर जे नाचले ते ठरवून नाचले, आणि जे बघत होते त्यांना जे वाटलं ते ठरवून नव्हतं ना. तो व्हिडिओ बघा परत, कडेला उभी माणसं कशी हसायला लागतात ते. मला वाटतं ताईंना तेवढंच हवंय.

पुण्याहून_बदली:
पुण्यात ढोलताशा पथकं बघत मोठा झालो, जबरदस्त असतात, पण तिथे आता दोरी असते, दोरीच्या आत पथक आणि बाहेर आपण मोबाईल वर करून. इथे राजवाड्यावर दोरी नव्हती हे मला आल्या आल्या जाणवलं. ती येऊ देऊ नका एवढंच सांगतो.

रामबागकरीण:
सिस्टर, विचार करून लिहिते म्हटलं होतं. गर्दीच्या रात्री तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याला नाचाचा आनंद हे उत्तर होऊ शकत नाही. मॅचच्या रात्री राजवाड्याकडे येणारा एक रस्ता आधीपासूनच पूर्ण रिकामा ठेवायचा, त्यावर ना गाडी ना माणूस, फक्त ॲम्ब्युलन्स, हे करता येतं. गेरीला पोलीस रस्ते आधीच ठरवतात, बॅरिकेड लावतात. मॅचला लावत नाहीत कारण जिंकू की नाही हे माहीत नसतं, पण फायनल कधी आहे हे तर माहीत असतं ना. हे मी निगमला आणि पोलिसांना लिहून देणार आहे, मसुदा करून इथे टाकते, तुम्ही सगळ्यात आधी वाचा आणि खोडा.

पण मला तेवढ्यावर थांबायचं नाहीये. मॅचच्या रात्रीची गर्दी एवढी अंगावर येते कारण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत काहीच नसतं, असं मला मनापासून वाटतं. दादांचे आजोबा साठवायचे, सगळं शहरच साठवतंय, आणि मग एका रात्री ते फुटतं आणि त्याच्यात बायकांना जागा राहत नाही आणि सिस्टरचा पेशंट अडकतो. रोज थोडं थोडं वाहू दिलं तर? छप्पन दुकान २०२० मध्ये गाड्यांसाठी बंद केलंच आहे, तिथे पायी चालणाऱ्यांची जागा आहे, गांधी हॉलचं आवार आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ, एक क्लॅरिनेट, एक ढोल, स्पीकर अजिबात नाही. कार्यक्रम नाही, स्टेज नाही, पाहुणे नाहीत, पाट्या नाहीत. कोणी नाचलं तर नाचलं, नाहीतर लोक पोहे खातील आणि घरी जातील.

मिलवाल्याचा_नातू:
म्हणजे ठरवूनच झालं की शेवटी, काका जिंकले.

रामबागकरीण:
वाजवणं ठरवलेलं, नाचणं नाही. वाजवणारा बसलेला असेल तर पहिल्या माणसाला निमित्त मिळतं, त्याला वेडं ठरायची भीती राहत नाही. मोबाईल समोर ठेवून त्या पोरांनी जे केलं तेच आहे हे, फक्त मोबाईलच्या जागी क्लॅरिनेटवाले काका.

नाइटड्यूटी:
सात ते नऊ स्पीकरशिवाय, माझी हरकत नाही. गांधी हॉल नको, तिथून एमवाय हॉस्पिटलकडे जाणाऱ्या गाड्या असतात, छप्पनला करा. मी सात वाजता सुटते, पण नाचायला येणार नाही, झोपायला जाणार.

स्नेहनगरकर:
मला अजून पटलेलं नाही. दोन रविवार छान जातील, तिसऱ्या रविवारी कोणी नेता फुगे घेऊन येईल आणि चौथ्या रविवारी डीजे. या शहरात गोष्टी अशाच वाढतात. तुम्ही त्याला नाही म्हणायची हिंमत ठेवणार असाल तर मी विरोध करणार नाही, एवढंच लिहितो.

माळव्याची_सून:
सासूबाईंना विचारलं. म्हणतात ढोलवाल्याला मटकी येत असेल तर सांग.

रंगपंचमीला_घरी:
तीन गोष्टी विचारते. बँडवाल्यांना पैसे कोण देणार, कारण ती माणसं रात्रभर बारात वाजवून येणार आणि तुम्ही त्यांना सकाळी सातला फुकट बोलवाल तर ते मला चालणार नाही. दुसरं, जवळचा बायकांचा संडास सकाळी सातला उघडा असतो का, नुसता बोर्ड नको. तिसरं, कोणी हात लावला तर त्याला तिथून बाहेर काढणाऱ्या चार बायका कोण ते आधी ठरलेलं हवं, 'बघू' नको. याची उत्तरं आली की मी येते, माझ्या बहिणीला पण आणते.

रामबागकरीण:
पैशांसाठी महिन्याची वर्गणी, पहिली माझी. त्या चारांमधली एक मी, दुसरी सासूबाईंची सून असेल असं गृहीत धरते, अजून दोघी हव्यात, नावं इथे न टाकता मेसेज करा. संडासाचं उद्या सकाळी सातला स्वतः जाऊन बघते आणि इथेच लिहिते.